किलबिलच्या खाली मामा

मामा : येणार नाही म्हणजे नाही. लेखी पाहिजे असेल तर लेखी देतो. दोन प्रतींत.

सारिका : मामा, असोद्याहून पहाटे निघालेय मी. जळगावला बस बदलली, धुळ्याला बदलली, तेव्हा साक्री आली. अक्षय्य तृतीया, आपली अखाजी, झाली की लग्न आहे माझं. आई नाही. तिचे भाऊ म्हणून मांडवात माझ्या पाठीशी उभे राहणारे तुम्ही एकटे. आणि तुम्ही उंबऱ्यातच नकार देताय?

मामी : पोर एवढी लांबथीन उनी. तिले आधी पानी पिऊ द्या. मंग उघडा तुम्हनं कार्यालय.

मामा : पाणी द्यायला माझी हरकत नाही. पाणी हा वेगळा विषय आहे.

सारिका : विषय काय आहे ते तरी कळू दे. जितेंद्रदादा म्हणतो, मामा फोनच उचलत नाहीत.

मामा : सांगतो. बस. तुझ्या सख्ख्या भावाने, म्हणजे चि. जितेंद्रने, तुझ्या लग्नपत्रिकेचा कच्चा मसुदा घरच्या ग्रुपवर पाठवला. बरोबर?

सारिका : बरोबर.

मामा : त्यासोबत मजकूर काय होता? ‘सर्वांनी आपापलं नाव तपासून घ्यावं, छापल्यानंतर तक्रार चालणार नाही.’ बरोबर?

सारिका : बरोबर.

मामा : मी तपासलं.

सारिका : आणि?

मामा : हे बघ, मी तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस आहे. कागदावर कोणाला कुठे बसवलं की त्याला काय सांगायचं असतं, हे मला कळतं. तुझ्या पत्रिकेत आधी तुझे काका. मग काकांचे जावई. मग जावयांचे भाऊ. मग आत्या. सगळ्यांच्या शेवटी, ‘किलबिल’. चि. गोटू, चि. बंटी, कु. परी. ‘आमच्या आत्तूच्या लग्नाला यायचं हं!’ आणि परीच्या खाली, सारिका... परीच्या खाली...

मामी : ह्या.

मामा : श्री. अभिमन झुलाल बोरसे, साक्री. एकसष्ट वर्षांचा माणूस. किलबिलमध्ये.

मामी : आवाज मोठा शे म्हनीसन टाकं व्हई.

मामा : हसू नको, सारिका.

सारिका : नाही हसत. ठसका लागला. मामा, अहो तुमचं नाव कुठे टाकायचं हे मी स्वतः दादाच्या शेजारी बसून सांगितलंय. उजव्या बाजूला, अगदी वर. लाल पट्टी, पट्टीत पांढऱ्या अक्षरांत ‘मामा’, आणि खाली तुमचं एकट्याचं नाव. शेजारी कोणी नाही. काकांनाही इतकी मोकळी जागा दिलेली नाही.

मामा : कुठल्या पत्रिकेत?

सारिका : याच.

मामा : या फोनमधल्या पत्रिकेत लाल पट्टी नाही. उजवी बाजूच नाही. सगळं एकाखाली एक, बाजारच्या दिवशी रांग लागते तसं.

मामी : मना फोनमा शे.

मामा : काय आहे?

मामी : लाल पट्टी. उजवीकडे. तुम्हनं नाव बठ्ठासना वर शे.

मामा : झुंबर, आठ दिवस झाले मी या घरात संतापाने फिरतोय. आणि हे तू मला आज सांगतेस?

मामी : तुम्ही माले इचारं का? तुम्ही सांगं, ‘दख, कुठे टाकं माले!’ आन फोन खिशामा ठेई दिना. मी म्हनं, राग उना शे, ऱ्हाऊ द्या. आठ दिन घर कसं शांत व्हतं.

मामा : घर एक. ग्रुप एक. पत्रिका एक. आणि एकाच माणसाची एकाच दिवशी दोन ठिकाणी नेमणूक? असं नोकरीत कोणी केलं असतं तर मी खुलासा मागवला असता.

सारिका : मागवा. मी खुलासा द्यायलाच आलेय. तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच रागावलात?

मामा : आणखी कोण?

सारिका : कोण नाही, ते विचारा. वाल्मीककाकांच्या फोनवर वरचा गणपती खाली घसरला आणि काकांच्या नावावर जाऊन बसला. काका म्हणाले, देव आहे म्हणून बोलत नाही, नाही तर बोललो असतो. धुळ्याच्या मावशीने लॅपटॉपवर उघडली, तर मराठीचं एक अक्षर नाही. नुसते डॉलर, टक्के, उलटसुलट इंग्रजी. मावशी दादाला फोन करून म्हणते, मुलगा शिरपूरचा सांगितला होतास ना रे? मग ही पत्रिका कुठल्या मुलखातली?

मामा : अक्काचं तसंच आहे. तिला आधीपासून शंका घ्यायला आवडतं.

सारिका : आणि एका जावयांनी तर फाईल उघडता उघडता स्वतःच्या नावापुढे ‘समाजभूषण’ लिहून परत ग्रुपवर टाकली.

मामा : म्हणजे त्यात लिहिताही येत होतं?

सारिका : येत होतं.

मामा : हे मला कोणी कळवलं नाही.

सारिका : म्हणून तर छापखान्याचे रहीमभाई दादाला सांगत होते, ‘फाईल नका फिरवू भाऊ, नुसता फोटो काढून पाठवा, मी आयुष्यभर पत्रिका छापतोय.’ दादा म्हणाला, नको, लोकांना दुरुस्ती करता आली पाहिजे. त्याच्या स्वतःच्या लग्नात काय झालं ते आठवतं ना?

मामा : आठवतं. वाल्मीकच्या धाकट्या जावयाचं नाव राहिलं होतं. भरल्या ताटावरून उठला.

मामी : उठना. पन जिलबी रुमालमा बांधीसन उठना.

सारिका : तेव्हापासून आमच्याकडे हा नियमच झालाय. छापायच्या आधी मसुदा सगळ्यांना दाखवायचा, म्हणजे कोणी रागवायला नको. आणि या खेपेला सगळ्यांना दाखवला म्हणून सगळे रागावले. प्रत्येकाने वेगळीच पत्रिका पाहिली, आणि प्रत्येकाचा राग खरा. मामा, मी जळगावच्या ऑफिसात काय काम करते, ठाऊक आहे तुम्हाला?

मामा : कॉम्प्युटरचं.

सारिका : ते तर सगळेच करतात. माझ्या टेबलावर नवे-जुने, लहान-मोठे, कडेला फुटलेले असे फोन मांडलेले असतात. आमच्याकडे बनलेलं एकच पान मी त्या प्रत्येकावर उघडून बघते. एका फोनमध्ये चार-चार ब्राउझर.

मामा : ब्राउझर म्हणजे?

सारिका : इंटरनेटवरचं पान ज्याच्यातून बघतो तो प्रोग्राम. एकात बटण दिसतं, दुसऱ्यात गायब. एकात पान सरळ, दुसऱ्यात कुबड आलेलं. ते शोधायचं, लिहून द्यायचं.

मामा : म्हणजे तू तपासणीस आहेस. हे तुझ्या बापाने मला कधी नीट सांगितलं नाही. मी लोकांना सांगत होतो, पोरगी टाईप करते.

सारिका : तर तपासणीस म्हणून सांगते. तुम्हाला आला तो कागद नव्हताच.

मामा : मग काय होतं?

सारिका : सूचना. ‘इथे दोन रकाने कर. इथे लाल पट्टी ओढ. अमुक वळणाचं अक्षर वापर. गणपती वर, मधोमध ठेव.’ अशा सगळ्या सूचना. फाईलमध्ये तेवढंच असतं. पत्रिका मांडायचं काम ज्याच्या-त्याच्या फोनने करायचं. आता तुमचा फोन जुना, अरुंद. त्याने ‘दोन रकाने’ वाचलं आणि ठरवलं, एवढी जागा माझ्याकडे नाही. मग त्याने उजवा रकाना उचलला आणि डाव्याच्या खाली ठेवून दिला. डाव्याच्या शेवटी किलबिल होती.

मामा : आणि उजव्याच्या सुरुवातीला मी.

सारिका : झालं! मावशीच्या लॅपटॉपला त्या जुन्या वळणाची अक्षरं ठाऊक नव्हती. त्याने आपल्याजवळची लावली. काकांच्या फोनमधल्या प्रोग्रामला मधोमध कळलं, पण वर म्हणजे नेमकं कुठे ते कळलं नाही.

मामा : थांब. थांब जरा. झुंबर, माझा चष्मा दे.

मामी : डोयावर शे.

मामा : सारिका, हे तर परिपत्रक झालं.

सारिका : कसं?

मामा : वरून एक परिपत्रक यायचं. शब्द तेच, सही तीच, शिक्का तोच. एका तालुक्यात त्याचा अर्थ ‘ताबडतोब करा’. शेजारच्या तालुक्यात ‘करण्याबाबत विचार करा’. तिसऱ्या ठिकाणी साहेब म्हणायचे, हे आपल्याला लागूच नाही, फाईलला लावा. आणि तिघंही आपापल्या जागी नियमाला धरून!

सारिका : हेच. शब्दशः हेच! आमच्या ऑफिसात हे समजवायला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवतात.

मामी : मनी सासू, मनी मोठी जाऊ आन मी. एकच परात, एकच कणीक, एकच खापर. तिन्हीसना पुरणना मांडा येगयेगळा.

मामा : मामीचंही बरोबर आहे. पण मला एक विचारायचंय. परिपत्रकाची मूळ प्रत वरच्या कार्यालयात असते. भांडण झालं की ती मागवता येते. या पत्रिकेची मूळ प्रत कुठे आहे? जितेंद्रच्या कॉम्प्युटरवर?

सारिका : नाही.

मामा : मग रहीमभाईकडे?

सारिका : त्यांच्याकडेही नाही. मामा, मूळ अशी पत्रिका कुठेच नाही. दादाचा कॉम्प्युटरसुद्धा त्याच सूचना वाचतो आणि मांडतो. बंद केली की मोडली. उघडली की पुन्हा पहिल्यापासून मांडली.

मामा : प्रत्येक वेळी?

सारिका : प्रत्येक वेळी. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

मामा : म्हणजे मी आठ दिवसांत जितक्या वेळा ही उघडली...

सारिका : तितक्या वेळा तुमच्या फोनने ती नव्याने तयार केली.

मामा : आणि दर वेळी मला किलबिलमध्ये घातलं.

सारिका : दर वेळी. अगदी इमानाने.

मामी : रोज सांजले जेवन झायं का ह्या अपमान उघडीसन बसतस. आंगनमा. एकला.

मामा : मी पडताळणी करत होतो. आणि हे मांडतं तरी कोण? आत कोणीतरी बसलेलं असल्याशिवाय...

सारिका : कोणी बसलेलं नाही. आधीच लिहून ठेवलंय. तुमच्या फोनमधला प्रोग्राम एकांनी लिहिला, मामींच्या फोनमधला दुसऱ्यांनी. कोणी कुठल्या देशात, कोणी कुठल्या. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांनी.

मामा : त्यांना मराठी येतं?

सारिका : नसेल येत. पण ‘झुं’ला उकार खाली द्यायचा आणि टिंब वर, हे त्यांनी फोनला शिकवून ठेवलंय. मामींचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. तरी बघा, खाली ‘मामी’च्या ओळीत ‘झुंबरबाई’ कसं ठसठशीत उमटलंय.

मामी : कथं? माले दखाड. ...हां. मनंच शे.

सारिका : आमच्या ऑफिसात सगळे चिडतात, की हे सगळीकडे सारखं का दिसत नाही. मी सुरुवातीला चिडायचे. आता मला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं, मामा. एवढी माणसं, एवढे फोन, कोणाला कोणाचा पत्ता नाही, आणि तरी असोद्यात लिहिलेलं नाव साक्रीत उमटतं. चुकतं ते किती थोडं!

मामा : बरोबर आहे. आमच्याकडे तर एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जाईपर्यंत कागदाचा अर्थ बदलायचा. ...पण मग माझी लाल पट्टी? रकाना खाली गेला, मान्य. परीच्या आणि माझ्यामध्ये ‘मामा’ ही अक्षरं तर असायला हवीत. ती कुठे गेली?

सारिका : आहेत की तिथे.

मामा : नाहीत. मी रोज बघतो.

सारिका : फोन द्या इकडे.

मामा : फोन माझ्या हातात राहील. तू तोंडी सांग.

सारिका : बरं. परीचं नाव आणि तुमचं नाव यांच्यामध्ये कोरी जागा आहे?

मामा : आहे. बोटभर.

सारिका : तिच्यावर बोट ठेवा. दाबून धरा. उचलू नका. आता हळूच बाजूला सरकवा.

मामा : सरकवलं. काही होत ना... अरे! अरे, झुंबर, इकडे ये! उगवली!

मामी : काय उगवं?

मामा : ‘मामा’! निळ्यात पांढरा ‘मामा’! कोऱ्या कागदातून वर आला!

सारिका : निळं तुमच्या बोटामुळे आलं; मुळात पट्टी लाल, अक्षरं पांढरी. तुमच्या फोनला पट्टी काढता आली नाही, पण अक्षरं त्याने काढली. पांढऱ्यावर पांढरी. म्हणून दिसेनात.

मामा : म्हणजे आठ दिवस मला ही पोकळी वाटत होती, तिच्यात लिहिलेलं होतं?

सारिका : पहिल्या दिवसापासून.

मामा : बोट उचललं की गेलं. ठेवलं की आलं. गेलं. आलं. ...सारिका, हे मला नोकरीत असताना दाखवायला हवं होतंस. किती जणांच्या किती अर्जांना मी ‘यात काही नाही’ म्हणून बाजूला सारलं असेल.

मामी : आते येशात ना मग लगीनले?

मामा : नावाबाबतची तक्रार मी मागे घेतो. परंतु अजून एक मुद्दा शिल्लक आहे.

सारिका : अजून?

मामा : फोटो.

सारिका : आईचा? त्याचं काय?

मामा : तो कोणी निवडला?

सारिका : दादाने. धुळ्याला मावशीकडे गेला होता, तिथे मावसकाकांच्या जुन्या अल्बममध्ये सापडला म्हणाला. मोबाईलने फोटोचा फोटो काढला आणि कापून आईचा चेहरा घेतला. कोपऱ्यात, गोल, नाण्याएवढा. तिच्या आशीर्वादाच्या ओळीशेजारी. तो आवडला नाही का तुम्हाला?

मामा : गोल?

सारिका : हो. गोल.

मामी : मना फोनमा बी गोल शे. नाण्याएवढा.

मामा : माझ्याकडे गोल नाही.

सारिका : मग चौकोनी असेल. होतं तसं. जुन्या फोनला गोल जमत नाही कधीकधी.

मामा : माझ्याकडे... पूर्ण आहे. पत्रिकेचं पहिलं पानच ते आहे. सगळं पान भरून. मी म्हटलं, ही पोरं अशी कशी. फोटोत मला एवढी जागा देतात आणि नावाला किलबिलमध्ये घालतात.

सारिका : फोटोत तुम्हाला? फोटोत फक्त आई आहे, मामा.

मामा : फक्त आई नाही.

सारिका : दाखवा.

मामा : हे घे. फोन घे. सांभाळून.

(सारिका फोन हातात घेते. मामी चुलीवरचं दूध उतरवून परत येते, तरी सारिकाची मान खालीच.)

सारिका : ही आई?

मामा : तुझ्या जन्माआधीची. लग्नानंतरची पहिली अखाजी. मी असोद्याला गेलो होतो तिला माहेरी आणायला.

सारिका : आईला मी एवढं हसताना कधी... आणि चपला हातात का धरल्यात?

मामा : एकीचा अंगठा तुटला. म्हणून दुसरीही काढली. म्हणाली, एक घालून चाललं तर लोक हसतील.

सारिका : हे कुठे आहे?

मामा : सोनगीर. किल्ल्यावर. सरळ धुळ्याहून साक्रीची गाडी धरायची, तर धुळ्याला उतरल्यावर म्हणते कशी, ‘भाऊ, माले सोनगीरना किल्ला देखना शे.’ मी म्हटलं, यशोदे, घर पश्चिमेला आहे आणि किल्ला उत्तरेला. म्हणे, ‘सासरले गऊ का कोन दखाडी?’ अक्काच्या यजमानांनी नवा कॅमेरा घेतला होता, तेही निघाले. वैशाखातलं ऊन. दगडाला हात लागला तर फोड यावा. संध्याकाळची साक्रीची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आमच्या आबांनी, झुलालरावांनी, मला ओसरीवर जे काही सुनावलं, त्याची टिपणी वेगळी काढता येईल. ती आत झोक्यावर बसून गाणं म्हणत होती.

सारिका : आणि हा बारीक मिशीवाला?

मामा : तो मी. नोकरी लागण्याआधीचा.

मामी : मी पन वळखं नही आधी. मिशी बरी दखाये तधळ.

मामा : तू पाहिलास हा?

मामी : तुम्ही नही दखाडा. तुम्ही नीजनात का मी दखी लिया.

सारिका : मामा, तुमच्या हातात... ही छत्री आहे?

मामा : छत्रीच. तिच्या डोक्यावर धरलीय. म्हणून मी उन्हात, डोळे बारीक केलेले.

सारिका : अगं आई गं!

मामा : काय झालं?

सारिका : मामी, तुमचा फोन बघू. हे बघा. दादाच्या गोल फोटोत आईच्या डोक्यावर हे काळं दिसतं ना? कडेकडेने? आम्हाला वाटलं, जुन्या फोटोला डाग पडलाय. रहीमभाईसुद्धा म्हणाले, बुरशी असेल. दादा म्हणाला, छापायच्या आधी पुसून टाकतो.

मामा : ते काळं म्हणजे माझी छत्री.

सारिका : तुमची छत्री.

मामा : पण मला हे कळत नाही. जितेंद्रने कापला म्हणतेस. कापलेला तुकडा माझ्याकडे कसा आला?

सारिका : मीही आत्ताच समजतेय, मामा. कापणं हीसुद्धा सूचनाच. ‘एवढंच दाखव, बाकीचं झाक.’ खरी कात्री लागतच नाही. फोटो फाईलमध्ये आख्खाच जातो. तुमच्या फोनला ती झाकायची सूचना वाचता आली नाही. म्हणून त्याने होतं ते सगळं दाखवलं.

मामा : त्याला वाचता आलं नाही म्हणून मला दिसलं.

सारिका : हो.

मामा : आणि बाकीच्यांच्या फोनमध्ये?

सारिका : सगळ्यांकडे आहे. काकांकडे आहे, मावशीकडे आहे, त्या समाजभूषणांकडेही आहे. पत्रिका जिथे-जिथे गेली तिथे-तिथे आई सोनगीरच्या किल्ल्यावर चपला हातात घेऊन उभी आहे, आणि तुम्ही छत्री धरून. कोणाला दिसत नाही एवढंच.

मामी : मना फोनमा बी शे ती?

सारिका : आहे मामी. झाकलेली.

मामी : आख्खी?

सारिका : आख्खी.

मामी : मी हाऊ फोन चूल जोगे ठेवस. पिठना हातसवरी धरस. बचत गटन्या बाया हातमा लेतीस. ...आते जरा जपीसन ठेवना पडी.

मामा : चार वर्षं झाली तिला जाऊन. माझ्याकडे तिचा एकच फोटो होता, रेशनकार्डावरचा. त्यात ती सरकारला घाबरल्यासारखी दिसते. ...मी रागाने उघडायचो, सारिका. हे खोटं नाही. मामीला वाटतं नाटक, पण राग खरा होता. खाली जाऊन माझं नाव बघायचो, संतापायचो, आणि बंद करायच्या आधी वर यायचो.

सारिका : मामा, मी दादाला आत्ता फोन करते. छापताना आख्खाच फोटो लावू. तुम्ही दोघं.

मामा : नको.

सारिका : का?

मामा : पत्रिकेत यशोदाची जागा आहे ती. ती येऊ शकत नाही, म्हणून तिचा फोटो. मी कशाला फोटोत? मी मांडवात उभा राहणार आहे.

सारिका : म्हणजे येणार?

मामा : ते मी आत्ताच सांगितलं. नोंद घे.

मामी : देवा! सुटनू एकदानी.

मामा : फोटो कापलेलाच राहू दे. गोल, नाण्याएवढा. मात्र जितेंद्रला माझ्या नावाने एक सूचना दे. आणि ती त्याच्या फोनला नीट वाचता येईल अशी दे.

सारिका : काय सांगू?

मामा : ते काळं पुसू नको म्हणावं.

सारिका : लोक विचारतील, हा डाग कसला.

मामा : विचारू दे.

सारिका : बरं. आणि तुम्हाला मी आता पक्की फाईल पाठवते. तिच्यात काही हलत नाही, सगळ्या फोनांवर एकसारखी दिसते. तुम्ही उजवीकडे, वर, लाल पट्टीत. ही कच्ची काढून टाकू ना?

मामा : पक्की पाठव. कच्चीला हात लावू नको.

सारिका : पण मग तिच्यात तुमचं नाव परीच्या खालीच राहील.

मामा : राहू दे. परी चांगली पोर आहे.

मामी : आते तरी जेवा दोन्ही जन. भाकर गार व्हयनी.

मामा : जेवू. सारिका, मुहूर्त किती वाजताचा धरलाय?

सारिका : दुपारी साडेबाराचा.

मामा : गाडीतून उतरल्यावर मांडवापर्यंत तुला उघड्यावरून चालावं लागेल?

सारिका : थोडंसंच. पटांगण ओलांडायचं आहे.

मामा : वैशाखातलं ऊन. ...झुंबर, आपली ती काळी छत्री कुठे आहे गं?

मामी : दारना मांगे. कालदिनच झटकीसन ठेयेल शे.